नागपुरात कोणता साप पाळावा? आधी मे महिन्याला विचारा

मे महिन्यात दुपारी तीन वाजता स्लॅबखालच्या खोलीत जा, कूलर बंद करा आणि भिंतीला हात लावून बघा. साप कोणता घ्यायचा याचं निम्मं उत्तर त्या भिंतीत आहे. बाहेरदेशीचे व्हिडिओ बघून मन बनवणारे लोक आधी रंग बघतात, मग हीटिंग मॅट, सिरॅमिक बल्ब, असलं सगळं ऊब देणारं सामान मागवतात. ते सामान थंड मुलखातल्या घरांचं. आपल्याकडे २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर जाऊन आलेला आहे. इथे वर्षातले तीन महिने साप थंड कसा राहील याचीच काळजी असते, आणि डिसेंबरच्या रात्री नेमकी उलटी.

त्याआधी कायदा, कारण तिथे चुकलं तर पुढचं सगळं वाया. आपल्या शेतात, नालीत, विटांच्या ढिगात सापडणारा साप पाळता येत नाही. धामण असो, दिवड असो, कवड्या असो की अजगर. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली आपले साप संरक्षित आहेत आणि पकडणं हेसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच. अजगर तर पहिल्या अनुसूचीत आहे. त्यात किमान तीन वर्षं कैद. मांडुळाभोवतीची गुप्तधनाची बाजारू अंधश्रद्धा आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मांडूळ जवळ सापडलेल्या माणसाकडे कोणीही 'हौशी' म्हणून बघत नाही. बर्मीज आणि जाळीदार अजगर परदेशी वाटतात, पण दोन्ही भारतातही आढळतात, म्हणून तेही बाद. घरात साप निघाला तर सर्पमित्राला फोन करायचा. 'दोन दिवस डब्यात ठेवून बघतो' म्हटलं तरी तो गुन्हाच.

राहिले विदेशी साप. त्यांचे दोन गट पडतात. जे साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत आहेत, ते २०२२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आणि त्यांची नोंदणी सक्तीची झाली. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. अर्ज केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायचा, प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. बॉल पायथन, बोआ आणि सगळे सँड बोआ या गटात येतात. कॉर्न स्नेक, किंगस्नेक, मिल्क स्नेक, वेस्टर्न हॉगनोज हे साइटिसच्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना ही नोंदणी लागत नाही. पण चोरून आणलेला साप कस्टम्सच्या कायद्यात अडकतोच, म्हणून भारतातच जन्मलेलं पिल्लू आणि विकणाऱ्याचं लेखी बिल, एवढं तरी हवंच. नोंदणी लागणारा साप घेताना विकणाऱ्याच्या नावावरची नोंद आधी बघा. 'पेपर नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपुरातच आहे. शंका असेल तर तिथे जाऊन विचारायला एक सकाळ पुरते, ही सोय मुंबई-पुण्याच्या माणसाला नाही.

आता निवड. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिला साप असेल तर कॉर्न स्नेक. बाकीची चर्चा या मताला फाटे फोडायला.

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, आपल्या तस्करासारखा सडपातळ, उंदीरखाऊ साप. पूर्ण वाढला की तीन ते पाच फूट, जाडी अंगठ्याएवढी. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. त्याला कप्प्याच्या एका टोकाला २९-३० अंश आणि दुसऱ्या टोकाला २२-२४ अंश लागतात. रात्री १८-२० पर्यंत उतरलं तरी खपतं. आर्द्रता ४० ते ५० टक्के. तापमानाचे हे आकडे नागपूरच्या घरात वर्षातले बरेच महिने जवळजवळ फुकटात मिळतात. जेवणाच्या बाबतीतही तो सरळ आहे. चिमट्यात उंदीर धरला की येतो, दोन वेटोळी मारतो आणि गिळतो.

त्याची खोड एकच, पळणं. नवजात पिल्लू पेन्सिलीपेक्षा बारीक असतं आणि जिथून डोकं जातं तिथून अख्खं अंग जातं. हे पिल्लू पळायच्या तयारीत असताना जवळून बघण्यासारखं असतं. आधी नाकाने झाकणाची कड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चाचपतं, सैल क्लिपपाशी थांबतं, मान आत घालून फुगवतं आणि मग शरीराचा एकेक भाग तिथे टेकवून उचल मारत राहतं. पाच मिनिटांत जमलं नाही तर परत येतं, पण त्याच जागी. म्हणून सुरुवातीला पंधरा-वीस लिटरचा, चारही बाजूंनी क्लिप असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा आणि सोल्डरिंग आयर्नने तीन मिलिमीटरची भोकं पाडायची, त्याहून मोठी नाही. भोकं आतून बाहेर पाडा. बाहेरून पाडली तर आत वितळलेल्या प्लॅस्टिकची धार राहते आणि सापाचं नाक सोलतं.

बॉल पायथनला नागपुरात मागणी जास्त, कारण दिसायला गुबगुबीत, चालायला संथ, आणि मॉर्फ, म्हणजे रंग-नक्षीचे प्रकार, शेकड्यांनी. स्वभाव खरोखर गरीब आहे. घाबरला की चावायच्या ऐवजी चेंडू होऊन डोकं आत घालतो, नावही त्यावरूनच पडलं. पण तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या दमट बिळांत राहणारा साप. ऊब ३१-३३ अंश, थंड बाजू २५-२७, रात्रीही २४च्या खाली नको. आर्द्रता ५५ ते ७० टक्के. आता मे महिन्याची नागपूरची दुपार घ्या. बाहेर आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास. त्या हवेत बॉल पायथनची कात सलग मोज्यासारखी न निघता कागदाच्या कपट्यांसारखी तुकड्या-तुकड्यांत निघते, आणि डोळ्यावरची टोपी, म्हणजे कातीचा डोळ्यावरचा पारदर्शक तुकडा, अडकते. ती नखाने ओढणाऱ्यांनी सापाचा डोळा घालवलेला आहे. त्याऐवजी ओलसर, कोमट टॉवेल घातलेल्या हवेशीर डब्यात अर्धा तास ठेवा. तरी टोपी राहिली तर पुढच्या कातीची वाट बघा, नाहीतर पशुवैद्याकडे जा.

यात गंमत अशी की आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बॉल पायथनच्या बाजूने आहे. कूलर चालणाऱ्या खोलीत आर्द्रता पन्नास-साठवर जाते आणि तापमान तिशीच्या आसपास येतं, म्हणजे त्याला जवळपास हवं तेच. एसीच्या खोलीत मात्र हवा कोरडी पडते. त्यामुळे कूलरचं घर असेल तर बॉल पायथन जमतो. दिवसरात्र एसी असेल तर पाण्याचं भांडं मोठं करा, ऊबेच्या बाजूला सरकवा आणि ओल्या शेवाळाची एक डबी ठेवा. फक्त कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको.

त्याचा दुसरा प्रश्न उपासाचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा साप जेवण सोडतो आणि मालकाची झोप उडते. दीड किलोच्या मोठ्या सापाने तीन महिने खाल्लं नाही तरी काही बिघडत नाही. बिघाड वजनावर कळतो. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, डब्यासकट वजन करून वहीत लिहा (काटा मात्र वेगळा घ्या, घरच्यांशी भांडण नको). वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तरच हालचाल करायची. त्याआधी दर दोन दिवसांनी उंदीर समोर नाचवणं म्हणजे उपास लांबवणं. एकदा नाकारला की दहा दिवस नावच काढायचं नाही.

आणि मॉर्फ निवडताना 'स्पायडर' घेऊ नका. नक्षी सुंदर असते, पण त्या जनुकासोबत मेंदूचा तोलाचा दोष येतोच. डोकं डुलतं, कधी उलटं वळतं, उंदरावरचा नेम चुकतो. कमी-जास्त असतो, पण नसतो असं नाही. विकणारा 'हळूहळू जातं' म्हणेल. ते जात नाही.

वेस्टर्न हॉगनोज हा तिसरा, आणि नागपूरच्या हवेला तसा सगळ्यात जवळचा. अमेरिकेच्या कोरड्या गवताळ भागातला, वर वळलेल्या नाकाचा, जमीन उकरणारा. नर दीड फुटाचा, मादी अडीच फुटांपर्यंत. ऊब ३१-३३, आर्द्रता ३० ते ५०. जागा कमी लागते, दिवसा जागा असतो, आणि नाटकी तर इतका की मान पसरवून नागासारखी फणफण करतो, तोंड मिटून डोक्याने ढुशा मारतो, आणि एवढ्यानेही भागलं नाही तर पाठीवर पडून जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग घेतो. सरळ केला तर पुन्हा उलटा होतो. मग हाच का नको पहिला? दोन कारणं. एक, जंगलात तो मुख्यतः बेडूकभेकांवर जगतो, त्यामुळे पिल्लं उंदराला तोंड लावायला खळखळ करतात आणि नवखा माणूस तिथेच हरतो. दुसरं, त्याच्या मागच्या दातांशी सौम्य विष असतं. माणूस दगावत नाही, पण चावून धरून ठेवला तर हात कोपरापर्यंत सुजू शकतो. सलग तीन-चार जेवणं उंदरावर झालेलं पिल्लू मिळालं तर जरूर घ्या.

किंगस्नेक थोडक्यात सांगतो. कॉर्नइतकाच काटक, भूक दुप्पट. हात आत गेला की तो उंदीरच समजून पकडतो. हात घालण्याआधी साप उचलायच्या हुकाने अंगाला हलकेच स्पर्श करून 'आज जेवण नाही' हे शिकवता येतं. तो दुसरे साप खातो, त्यामुळे एका कप्प्यात दोन कधीच नाहीत, अगदी नर-मादीसुद्धा. मिल्क स्नेक त्याचाच लाजाळू भाऊ. दिसेल कमी, लपेल जास्त.

केनियन सँड बोआ हा खरं तर छोट्या घरासाठी गुणी साप. दोन फुटांचा, कोरड्या वाळूत गाडून घेणारा, उन्हाळ्याला न घाबरणारा. तरी विदर्भात मी तो सुचवत नाही. त्याची पाठ आणि ठेवण आपल्या डुरक्या घोणशीच्या एवढी जवळची आहे की शेजाऱ्याने फोटो काढून पुढे पाठवला की दारात वनखात्याची गाडी उभी. कागद हातात असले तरी एक दिवस खुलाशात जातो आणि साप ताब्यात. ही सापाची चूक नाही, मुलखाची आहे. बोआ कन्स्ट्रिक्टर सहा ते नऊ फुटांचा होतो, त्याला खोलीचा कोपरा नाही, अर्धी खोली लागते. दहा वर्षांनी आपण कुठल्या गावी नोकरीला असू हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच घ्यावा.

साप ठरला की त्याचं घर. मोठ्या कॉर्न किंवा बॉल पायथनला चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच. काचेची टाकी घेऊ नका. उन्हाळ्यात ती भट्टी होते आणि वरून उघडते. वरून येणारा हात सापाला घारीसारखा वाटतो. सुताराकडून प्लाय किंवा डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लॅस्टिकच्या मिश्रणाच्या) बोर्डाचा कप्पा करून घ्या, समोर सरकती काच आणि काचेला कुलूप. सुताराला दोन गोष्टी बजावून सांगा: वाळवीचं औषध मारलेला प्लाय नको, आणि पॉलिश झाल्यावर कप्पा तीन आठवडे उघडा वाळू द्यायचा. त्याच खोलीत डासांची कॉइल, लिक्विडची मशीन, डांबराच्या गोळ्या, झुरळांचा स्प्रे, यांतलं काहीही चालणार नाही. घरात पेस्ट कंट्रोल असेल तर साप तीन-चार दिवस दुसऱ्या घरी.

हीटिंग मॅट हिवाळ्यात लागते, पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला मॅट बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, कधीच नाही. मोकळी मॅट पंचेचाळीसच्याही वर जाते आणि सापाला पोटाखालचा चटका वेळेत कळत नाही. तो तिथेच बसून भाजतो. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि कप्प्याचा तळ यांच्या मध्ये चिकटवा. हवेत लटकवलात तर सेन्सरला थंड वाटत राहील आणि मॅट बंदच होणार नाही. मॅटने तळाचा एक-तृतीयांश भागच व्यापावा. तळाला नारळाचा भुसा तीन बोटं जाड, किंवा सुरुवातीचे दोन महिने सरळ वर्तमानपत्र, म्हणजे विष्ठा आणि माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक परजीवी) लगेच दिसतात. देवदार-चीडचा भुसा सुताराकडे फुकट मिळतो म्हणून आणू नका; त्यातलं तेल सापाच्या फुप्फुसाला बाधतं.

उन्हाळ्यासाठी कप्पा तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला, जमिनीलगत. स्लॅबखालची खोली रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहते. आत फुटक्या माठाचा खालचा अर्धा भाग उपडा घाला, दाराएवढी खाच पाडून धार दगडावर घासून घ्या. रोज सकाळी हे खापर वीस मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायचं. कोरड्या हवेत त्यातलं पाणी दिवसभर उडत राहतं आणि आतली जागा बाहेरपेक्षा काही अंश गार राहते. दुपारी तीनला त्या खापरात हात घालून बघा, फरक हातालाच कळतो. वीज गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली जुन्या बनियनमध्ये गुंडाळून कप्प्याच्या एका टोकाला. साप पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसू लागला तर बहुधा दोनपैकी एक: गरमी असह्य झाली, किंवा अंगावर माइट्स आहेत. भांड्याच्या तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके दिसले तर दुसरं. तापमान ३५च्या वर टिकलं तर कॉर्न स्नेकच्या जिवावर बेतू शकतं.

जूनच्या मध्यावर पाऊस आला की सगळं उलटं. कूलर आता नुसती ओल फेकतो, खापराला बुरशी धरते, भुसा आंबतो. खापर बाहेर काढा, भुसा निम्मा करा, जाळीची भोकं मोकळी करा. पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग किंवा पाण्याचे फोड दिसले तर ओल जास्त झाली. डिसेंबरात तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज हे फुप्फुसाच्या संसर्गाचं लक्षण. हळद नाही, वाफ नाही, पशुवैद्य. साप बघणारा डॉक्टर साप घेण्याआधी शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच सापाला हात लावत नाहीत.

खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी. सापाच्या पिल्लाला उंदराचं गुलाबी, केस नसलेलं पिल्लू दर पाच-सात दिवसांनी. मोठ्या कॉर्नला दहा ते चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर. रात्री फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्या, मग झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात, अंग हाताला कोमट लागेपर्यंत. मायक्रोवेव्ह नको, आत शिजतो आणि पोट फुटतं. जिवंत उंदीर सोडून मजा बघणाऱ्यांना सांगा की भुकेला नसलेल्या सापाला तोच उंदीर कुरतडतो. आणि घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर तर चुकूनही नाही. शेजारी कोणी औषध ठेवलेलं असेल तर ते सापाच्या पोटात. जेवणानंतर ४८ तास हात लावायचा नाही. थंडीत मॅट बंद पडली तर पोटातला उंदीर पचण्याआधी सडतो आणि साप तो उलटून टाकतो. उलटीनंतर दोन आठवडे काही देऊ नका, मग निम्म्या आकाराचा.

घरी शाकाहार असेल तर हा विषय साप आणण्याआधी आईशी बोलून घ्या. भाजीच्या फ्रीझरमध्ये उंदीर ठेवणं हे घर फुटायचं कारण होऊ शकतं. वेगळा छोटा फ्रीझर हाच उपाय.

पिल्लू निवडताना ते हातात घ्या. अंगाला पीळ हवा, लुळं नको. मणका बोटाने चाचपा, गाठ किंवा वाक नको. डोळे स्वच्छ (कातीआधी दोन्ही निळसर होतात, एकच निळसर असेल तर अडकलेली टोपी), तोंडाच्या कडेला लाळ किंवा पांढरा चिकटा नाही, गुदद्वार कोरडं. त्याचं जेवण समोर बघायला मागा. नाही म्हणाला तर दुसरीकडे चला. घरी आणल्यावर सात दिवस झाकून ठेवा, फक्त पाणी बदला. घरात दुसरा साप असेल तर नवा किमान साठ दिवस वेगळ्या खोलीत. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, सॅल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू सगळ्याच सरपटणाऱ्यांवर असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊच नका.

साप निसटलाच तर आधी शेजाऱ्यांना सांगा, लाज धरू नका. न सांगता तो खालच्या मजल्यावर निघाला तर एक तर काठीखाली जाईल, नाहीतर कोणीतरी पकडून जंगलात सोडेल, जिथे तो असायलाच नको. रात्री दिवे बंद करून भिंतीच्या कडेने मैद्याची बारीक रेघ ओढा, सकाळी तो कोणत्या खोलीत आहे हे कळतं. फ्रिजच्या मागे, इन्व्हर्टरखाली, धुण्याच्या मशीनच्या मोटरजवळ, म्हणजे जिथे ऊब तिथे.

आणि दिवाळीत आठवडाभर गावाला जायचं असेल तर मोठ्या सापाला निघण्याआधी पाच दिवस जेवण द्या, म्हणजे पोट रिकामं होऊन विष्ठा साफ करूनच निघता येतं. जड भांड्यात पाणी, थर्मोस्टॅट इन्व्हर्टरच्या लाइनवर, कुलूप दोनदा तपासलेलं, आणि किल्ली अशा शेजाऱ्याकडे ज्याला आत काय आहे ते माहीत आहे.